अंजनेरी ते ममदापूर: पाण्याचा ताण, कीड आणि रानझाडांची पानं

नाशिक जिल्हा पश्चिमेकडून पूर्वेकडे गाडीनं ओलांडायला अर्धा दिवस पुरतो, पण तेवढ्यात पाऊस सहाव्या हिश्शावर येतो. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर, नाशिक शहरात सातशेच्या आसपास आणि सिन्नर-येवल्याकडे पाचशेच्या घरात. या उतारावर रुई, घाणेरी, बोर अशा काही वनस्पती दोन्ही टोकांना सापडतात. त्यामुळे वनस्पती तीच आणि पाणी मात्र वेगळं, अशी तुलना इथे रस्त्याकडेला उभं राहून करता येते.

पाहायचं आहे ते हे, की पाण्याचा ताण आणि कीड एकाच वेळी आली तर रानटी वनस्पती काय करते. दुष्काळानं एवढं नुकसान, किडीनं तेवढं, दोन्ही मिळून दोहोंची बेरीज, हे सरळ गणित रानात बहुतेक वेळा जुळत नाही. ते चार गोष्टींवर फिरतं: ताण आधी आला की अळी, ताण सलग होता की मधे एखादी सर पडली, कीड चावणारी आहे की रस शोषणारी, आणि पान कोवळं होतं की जून. यातला क्रम आणि काळ सर्वांत महत्त्वाचा, आणि नेमका तोच नोंदवहीत लिहायचा राहतो.

ऋतू ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा निवडावा. परतीचा पाऊस निघालेला असतो, पश्चिमेची जमीन अजून ओली असते, पूर्वेची तडकायला लागलेली असते आणि किडी दोन्हीकडे भरात असतात. द्राक्षबागांची ऑक्टोबर छाटणी याच दिवसांत चालते, त्यामुळे तुडतुडे, फुलकिडे, पिठ्या ढेकूण यांची नावं गावात कुणालाही विचारता येतात.

सोबत घ्यायचं ते असं: पानातून गोल चकत्या कापायला १० मिलिमीटर व्यासाचा पंच, झाकणाच्या लहान बाटल्या, टिपकागद, बर्फाची पेटी, १० पट भिंग, मिलिमीटरचा आलेखकागद, रंगीत सुती दोरा, मऊ पेन्सिल आणि एक टक्क्याचं फेरिक क्लोराइडचं द्रावण. एक मिलिग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा काटा मुक्कामी असला तरी चालतो. फक्त तोडलेलं पान दोन तासांच्या आत काट्यावर पोचलं पाहिजे.

दिवस पहिला: अंजनेरी

नाशिकहून त्र्यंबक रस्त्यानं वीसेक किलोमीटरवर अंजनेरी गाव. हे संवर्धन राखीव क्षेत्र आहे, त्यामुळे वन विभागाची परवानगी आधी घ्यावी आणि पठारावर एकही पान तोडू नये. तिथलं काम फक्त डोळ्यांनी, भिंगानं आणि कॅमेऱ्यानं करायचं. वजनासाठी लागणारी पानं खाली रस्त्याकडेच्या रुईची आणि घाणेरीची घ्यावीत.

पठारावर कातळावर जेमतेम बोट-दोन बोटं माती असते. वर तीन महिने पाणी वाहतं, पण पाऊस थांबला की चार-पाच कोरड्या दिवसांत ही माती वाळते. म्हणजे धो धो पावसाच्या या डोंगरावर दुष्काळ वर्षातून अनेकदा येतो, अगदी ऑगस्टमधल्या उघडिपीतही. ‘जास्त पावसाचा भाग’ म्हणून अंजनेरीच्या नोंदीत पाण्याचा रकाना कोरा सोडणारे इथेच फसतात.

तेरडा, सोनकी, कवळा या हंगामी झाडांचा मार्ग पळ काढण्याचा आहे. पाणी आहे तोवर उगवायचं, फुलायचं, बी टाकायचं. किडीचा खरा फटका इथे पान किती खाल्लं यापेक्षा केव्हा खाल्लं यात असतो. जुलैत शेंडा खाल्ला गेला तर बगलेतून नवे फुटवे येतात आणि झाड सावरल्यासारखं दिसतं. पण फुलोरा लांबतो, आणि लांबलेला फुलोरा पाऊस संपल्यावरच्या कोरड्या मातीत सापडतो. ऑक्टोबरात असं झाड हिरवं आणि बिनबियांचं उभं असतं. त्याचा दोष नुसत्या दुष्काळाला देता येत नाही आणि नुसत्या अळीलाही देता येत नाही. अळीनं त्याला उशीर केला आणि त्या उशिरानं ते कोरड्या दिवसांत ढकललं गेलं. म्हणून अशा झाडांवर पानांच्या भोकांइतकंच लक्ष बगलफुटव्यांकडे द्यावं. मुख्य शेंडा तुटलेला आहे का, बाजूचे फुटवे किती, त्यातल्या किती फुटव्यांना भरलेलं बी आहे, हे तीन आकडे प्रत्येक झाडाचे घ्यावेत.

कंदीलपुष्पांची रीत निराळी. अंजनेरीच्या नावाची जात, सेरोपेजिया अंजनेरिका, याच डोंगरावरची. या वेली रुईच्याच कुळातल्या आणि कंदवाल्या. पावसाळा सरला की वरचा भाग वाळतो आणि पाणी-पिष्ट कंदात राहतं. पान खाल्लं गेलं तर वर्ष वाया जात नाही, कंदातली शिल्लक मात्र कमी होते आणि त्याचा हिशेब पुढच्या पावसाळ्यात दिसतो. एका भेटीत अशा वनस्पतीवर निष्कर्ष काढू नये.

तिसरा प्रकार कातळावरच्या ट्रायपोगॉन गवताचा. हे गवत पूर्ण वाळून पुन्हा पाणी मिळताच हिरवं होतं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या अभ्यासकांनी पश्चिम घाटातल्या अशा ६२ वनस्पती नोंदवल्या आहेत. वाळलेलं पान अळीच्या किंवा माव्याच्या कामाचं नसतं, त्यामुळे त्या काळात किडीचा प्रश्नच मिटतो. धोका आहे तो हिरवं होण्याच्या पहिल्या दिवसांत, जेव्हा पान मऊ असतं.

खाली उतरल्यावर पायथ्याच्या रुईवर पहिली मोजणी. येथे एक भेद पक्का करून घ्यावा: पान गळलंय की खाल्लंय? ताणामुळे गळालेल्या पानाच्या जागी खोडावर स्वच्छ, सपाट वण राहतो. पूर्ण खाल्लेल्या पानाचा देठ, निदान देठाचा तुकडा, काही दिवस तरी चिकटलेला असतो. नुसती उरलेली पानं मोजली तर दोन्ही गोष्टी निसटतात, आणि नेमक्या सर्वांत जास्त पिचलेल्या फांद्या सर्वांत निरोगी ठरतात, कारण त्यांच्यावर उरलेलं तेवढं पान धडधाकट असतं. फांदीच्या टोकापासून खाली दहा पेरं मोजावीत, अकराव्यावर दोरा बांधावा आणि प्रत्येक पेराला ‘पान आहे, वण आहे, देठ आहे’ असं लिहावं.

पान किती टक्के खाल्लं याच्या अंदाजाला सहा पायऱ्या पुरतात: शून्य, १ ते ५, ६ ते २५, २६ ते ५०, ५१ ते ७५ आणि त्यापुढे. दोघांनी एकमेकांना न दाखवता वीस पानं पाहून आकडे जुळवावेत. नवखा माणूस लहान भोकांना हमखास जास्त टक्के देतो. आलेखकागदावर ठेवलेल्या दोन-तीन पानांचे चौकोन मोजले की डोळा लवकर बसतो.

दिवस दुसरा: गिरणारे, वाघेरा, हरसूल

गिरणाऱ्याहून वाघेरा घाट चढून हरसूलकडे गेलं की साग सुरू होतो. ऑक्टोबरात दुरूनच काही झाडं तपकिरी दिसतात. जवळ गेल्यावर पानाची चाळणी झालेली असते, शिरांचं जाळं तेवढं शाबूत. हे काम युटेक्टोना या लहान पतंगाच्या अळीचं. पावसाच्या सुरुवातीला कोवळ्या पानांवर येते ती दुसरी अळी, हायब्लिया. ती मोठ्या शिरा सोडून अख्खं पान फस्त करते. सागाचं कोवळं पान बोटांत चुरडलं तर लाल रंग येतो, जुन्या पानात तो कमी.

दिसायला ऑक्टोबरचं नुकसान भयंकर, पण झाडाच्या दृष्टीनं महाग पडतं ते जूनचं. केरळातल्या निलंबूरच्या सागलागवडीत, केरळ वन संशोधन संस्थेच्या पाच वर्षांच्या प्रयोगात, हायब्लियाच्या हल्ल्यानं लाकडाची संभाव्य वाढ ४४ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं, तर जाळी करणाऱ्या अळीचा वाढीवर लक्षणीय परिणाम आढळला नाही. कारण उघड आहे. जूनचं पान पुढचे पाच-सहा महिने अन्न करणार असतं. ऑक्टोबरचं पान गळायच्या वाटेवर असतं, आणि कोरड्या भागात माती लवकर सुकली की झाड त्यातलं नत्र फांदीत ओढून घ्यायला लागतं. इथे येणारा दुष्काळ किडीचं महत्त्वच कमी करतो. ज्या वर्षी जूनमध्ये पालवी फुटल्यावर पावसानं ओढ दिली, त्या वर्षी मात्र उलट होतं. खाल्लेल्या पालवीच्या जागी दुसरी पालवी काढायला मुळांना पाणी मिळत नाही आणि साठवलेलं पिष्ट खर्ची पडतं.

याच रस्त्यावर कुसुमाची झाडं दाखवून ठेवावीत, जरी त्यांचा तमाशा मार्च-एप्रिलचा असला तरी. ऐन उन्हाळ्यात, जमिनीत वरच्या थरात पाणी नसताना, कुसुम लाल पालवी काढतो. पानझडीच्या रानातली अनेक झाडं पावसाची वाट न पाहता अशीच पालवतात. तमिळनाडूतल्या मुदुमलईच्या पानझडी जंगलात के. एस. मुरली आणि आर. सुकुमार यांनी १९९३मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, कोरड्या दिवसांत पालवणाऱ्या जातींना पावसात पालवणाऱ्यांपेक्षा किडीचा उपद्रव कमी झाल्याचं आढळलं. पाऊस आला की किडींची संख्या वाढते, आणि तोवर या झाडांची पानं जून, चिवट झालेली असतात. म्हणजे ही झाडं किडीपासून सुटण्यासाठी थोडा दुष्काळ पत्करतात. मला वाटतं, ताण आणि कीड यांच्या नात्यातली ही सर्वांत सुंदर तडजोड आहे, आणि आपल्या डोळ्यांसमोर दर उन्हाळ्यात घडते.

हे तपासायचं तर ऑक्टोबरात फक्त झाडं निवडून ठेवायची. प्रत्येक जातीची पाच, उंची आणि उतार साधारण सारखे. मार्चपासून दर पंधरा दिवसांनी त्याच फांदीचा फोटो घ्यायचा, शेजारी मोजपट्टी धरून. पान पूर्ण उघडल्याची तारीख आणि पहिला मोठा पाऊस यांतलं अंतर, आणि ऑगस्टअखेर खाल्लेले टक्के, एवढ्या दोनच गोष्टी आलेखावर मांडल्या तरी चित्र उभं राहतं. वणवा लागलेला उतार टाळावा. जळालेलं झाड अवेळी पालवतं आणि सगळी मांडणी बिघडवतं.

परतताना धायटीच्या पानांवर फेरिक क्लोराइडचा थेंब टाकून पाहावा. पान प्लास्टिकच्या दांडीनं चुरडायचं, लोखंडी सुरीनं नाही, कारण लोखंडानंच रंग काळवंडतो. निळसर काळा रंग एका प्रकारचं टॅनिन, म्हणजे पानातलं तुरट संरक्षक द्रव्य, दाखवतो, हिरवट काळा दुसऱ्या. हा नुसता आहे-नाहीचा इशारा, प्रमाण प्रयोगशाळेतच ठरतं. पण चाचणी इथे आणि उद्या सिन्नरकडे, दोन्हीकडे करावी. सौम्य ताणात झाडाची वाढ आधी थांबते, अन्न तयार होणं मात्र काही दिवस चालू राहतं. वाढीला न लागलेली साखर टॅनिनसारख्या संरक्षक द्रव्यांकडे वळू शकते. ताण तीव्र झाला, पर्णरंध्रं, म्हणजे पानाची बारीक छिद्रं, मिटली, की साखरच कमी पडते आणि वाढीसोबत संरक्षणही ढासळतं. म्हणून ‘दुष्काळात झाडं कडू होतात’ आणि ‘दुष्काळात झाडं किडीला बळी पडतात’ ही दोन्ही विधानं आपापल्या जागी खरी आहेत. फरक ताणाच्या तीव्रतेचा.

दिवस तिसरा: मोहदरी घाट आणि सिन्नर

हा दिवस सर्वांत भरगच्च, त्यामुळे पहाटे निघून साडेसहाला मोहदरी घाटाच्या उतारावर पोचावं. उशीर केला तर रुईचं पहिलं काम हुकतं.

रुईचा चीक पेशींच्या ताठरपणावर वाहतो. पहाटे झाड रात्रभर पाणी ओढून फुगलेलं असतं, पान तोडताच चीक ठिबकतो. दुपारी तेच पान तोडलं तर चीक कमी येतो आणि लवकर थांबतो. रबराच्या मळ्यात झाडं पहाटे चिरतात ती याचसाठी. मोजायची रीत सोपी आहे. टिपकागदाची चकती आधी वजन करून ठेवायची, टोकाकडून चौथ्या पानाचं टोक पाच मिलिमीटर कापायचं, दहा सेकंद चकती लावायची, लगेच बाटलीत बंद करायची. सकाळी सात आणि दुपारी दोन, शेजारच्या पण वेगळ्या पानांवर. एकाच पानाला दोनदा कापलं तर दुसऱ्यांदा चीक कमीच येणार आणि तो ताणाचा पुरावा नसणार.

इथे रुईच्या दोन जाती एकत्र आढळू शकतात. एकीच्या पाकळ्या पसरलेल्या किंवा मागे वळलेल्या, दुसरीच्या उभट, वाटीसारख्या आणि टोकाला जांभळ्या. फुलं पाहून जात आधी लिहावी. या दोघींची सरमिसळ झाली तर अंजनेरीशी केलेली तुलना पाण्याची न राहता जातींची होते.

आता किडी. प्लेन टायगर फुलपाखरू, म्हणजे आपला बिबळा कडवा, याची पट्टेदार अळी पान चघळण्याआधी शीर चावून चिकाचा दाब मोडते आणि मग पुढचा भाग निवांत खाते. अशा पानाचं टोक खाली लोंबतं, ती खूण शोधावी. काळ्या-पिवळ्या ठिपक्यांची टोळाची पिल्लं पानाच्या कडा कुरतडतात. आणि शेंड्याच्या कोवळ्या पानांखाली भडक पिवळा मावा, ॲफिस निरी, दाटीनं बसलेला असतो. तिघे एकाच झाडावर, पण दुष्काळ तिघांना सारखा लागू पडत नाही. चिकाचा दाब घटला की चावणाऱ्या अळीची वाट सोपी होते. त्याच वेळी पान जाड आणि चिवट झालेलं असतं, त्यात पाणी कमी असतं, त्यामुळे अळीची वाढ मंदावू शकते आणि ती जास्त दिवस पक्षी-गांधीलमाश्यांच्या नजरेत राहते.

माव्याची गोष्ट अधिक गुंतागुंतीची. ताणात झाडाच्या रसात मोकळी अमिनो आम्लं वाढतात आणि नत्राची भूक असलेल्या रस शोषणाऱ्या किडीला ती मेजवानी ठरावी, असा विचार ऑस्ट्रेलियातले टी. सी. आर. व्हाइट यांनी १९६९पासून मांडला. पण मावा रस ओढण्यापेक्षा अन्नवाहिनीतल्या दाबावर जास्त विसंबतो. दाबच उतरला तर ताटात वाढलेलं तोंडापर्यंत पोचत नाही. २००४मध्ये ह्युबर्टी आणि डेनो यांनी अनेक प्रयोग एकत्र तपासून असं मांडलं की सलग ताणात रस शोषणाऱ्या किडींचं नुकसानच होतं. फायदा होतो तो ताण पडून मधे पाणी मिळाल्यावर, जेव्हा नत्र वाढलेलं असतं आणि दाबही परत आलेला असतो. सिन्नरकडे परतीच्या पावसाची एखादी सर येऊन गेल्यावर आठ-दहा दिवसांनी रुईचे शेंडे पाहिले तर ही कल्पना तपासता येते. त्यासाठी शेवटच्या पावसाची तारीख आणि मिलिमीटर नोंदीत हवेतच. नुसतं ‘कोरडा भाग, मावा भरपूर’ लिहिलं तर त्यातून कुठलंच अनुमान काढता येत नाही.

झाडाच्या आत ताणाचा आणि किडीचा असे दोन संदेश एकमेकांत मिसळतात, आणि ते संप्रेरकांमधून जातात. मुळं कोरडी पडली की ॲब्सिसिक ॲसिड वाढतं आणि पर्णरंध्रं मिटतात. चावा बसला की जॅस्मोनिक ॲसिड संरक्षक द्रव्यांचं काम सुरू करतं. माव्याच्या सोंडेला मिळणाऱ्या प्रतिसादात सॅलिसिलिक ॲसिडचा वाटा असतो. ॲब्सिसिक आणि जॅस्मोनिक बऱ्याचदा एकमेकांना हात देतात, म्हणून आधी थोडा ताण सोसलेलं झाड चाव्याला जोरात उत्तर देऊ शकतं. जॅस्मोनिक आणि सॅलिसिलिक यांचं मात्र पुष्कळदा जमत नाही. ॲरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या रोपावर एकामागून एक ताण दिले तेव्हा जनुकांच्या हालचालीवर शेवटी आलेल्या ताणाचाच ठसा सर्वांत ठळक दिसला. रानातही क्रम लिहून ठेवायचा तो याचसाठी.

उतारावर तरवड पिवळा फुललेला असतो. त्याच्या पर्णिकांच्या जोड्यांमध्ये भिंगातून उभट ग्रंथी दिसतात. त्यातला गोडवा मुंग्यांना बोलावतो आणि मुंग्या अळ्यांना हुसकावतात. हा गोड रस पाण्यावाचून होत नाही. म्हणून दहा फांद्यांवर सकाळी नऊच्या आत पाच-पाच मिनिटं मुंग्या मोजाव्यात आणि त्याच फांद्यांवरच्या हिरव्या अळ्याही. मुंग्या कमी दिसल्या तर लगेच दुष्काळाचं नाव घेऊ नये. शेजारी खोडावर मावा किंवा खवले कीड असेल तर मुंग्या तिकडच्या गोडव्यावर गेलेल्या असतात.

घाणेरीवर पानाच्या वरच्या बाजूला फिकट ठिपके आणि खाली काळे डाग दिसले तर ती टेलिओनेमिया नावाची जाळीदार पंखांची ढेकणासारखी कीड. घाणेरीला आवर घालण्यासाठी ती १९४१मध्ये भारतात आणली गेली. सिन्नरच्या कोरड्या उतारावर घाणेरी ऑक्टोबरनंतर पानंच टाकते, किडीला अन्न उरत नाही, तिची संख्या कोसळते आणि पहिल्या पावसात घाणेरी पुन्हा तरारून येते. दुष्काळ इथे झाडाच्या पथ्यावर पडतो.

फड्या निवडुंगाचं कुंपण दिसलं तर थांबावंच. फड्यावर कापसासारखे पांढरे पुंजके असतात, बोटानं चिरडले तर किरमिजी लाल रंग येतो. दख्खनभर माजलेला हा निवडुंग १९२६मध्ये श्रीलंकेतून आणलेल्या डॅक्टिलोपियस ओपन्शिए या किडीनं आटोक्यात आणला. त्याआधी १७९५मध्ये कोचिनील हा लाल रंग देणारी म्हणून आणलेली कीड दुसरीच निघाली होती आणि तिनं निवडुंगाची दुसरी एक जात संपवत आणली होती. या किडीला जोरदार पाऊस सोसत नाही, पुंजके धुऊन जातात. त्यामुळे जो कोरडेपणा निवडुंगाला सहज झेपतो, तोच त्याच्या शत्रूलाही मानवतो. पुंजके मोजताना फड्याची पावसाकडची आणि आडोशाची अशी दोन्ही अंगं वेगळी लिहावीत.

निघण्यापूर्वी मातीचे नमुने घ्यायचे. १५ आणि ३० सेंटिमीटर खोलीवरून प्रत्येकी शंभर ग्रॅम, झाकण घट्ट, बाटलीवर पेन्सिलीनं नाव. शाई बर्फाच्या पेटीत पुसते.

दिवस चौथा: ममदापूर

येवला तालुक्यातलं हे काळविटांचं संवर्धन राखीव. कुसळी, पवना, मारवेल ही गवतं, मधूनमधून हिवर आणि बोर. गवताचा वाढीचा बिंदू बुडाशी असतो, त्यामुळे टोक खाल्लं तरी पातं पुन्हा वाढतं. पण ही भरपाई जमिनीत ओल असेपर्यंतच. सप्टेंबरात खाल्लेलं गवत एका सरीवर भरून येतं. ऑक्टोबरात खाल्लेलं तसंच राहतं. पात्यातली सिलिका पाण्याच्या प्रवाहाबरोबर जमते, म्हणून पाणी कमी ओढलं गेलं तर तिच्या भरण्यावरही परिणाम होतो.

कुणी खाल्लं ते आधी ठरवावं. शेळी-काळविटानं तोडलेलं पातं टोकाला सरळ किंवा फाटलेलं असतं, नाकतोड्यानं खाल्लेल्याला बाजूच्या कडेला अर्धगोल खाचा असतात. एक मीटरच्या चौकटीत पन्नास पाती पाहावीत. नाकतोडे मोजायला कीटक पकडायची जाळी गवतावरून पन्नास वेळा फिरवावी, सकाळी दहानंतर, कारण थंडाव्यात ते बुडाशी बसून राहतात. कुसळं कपड्यांत शिरतात, लांब गुळगुळीत पँट घालावी. काळवीट दिसले तर काम थांबवून बाजूला व्हावं.

दिवस पाचवा: नाशिक, काट्यासमोर

पानातल्या पाण्याचा हिशेब खरं तर रोज संध्याकाळीच करायचा, इथे एकत्र सांगतो. प्रत्येक झाडाच्या तीन पानांतून मुख्य शीर टाळून चकत्या काढायच्या. दवाचं पाणी टिपून ताजं वजन घ्यायचं. मग शुद्ध पाण्यात चार तास, मंद उजेडात, झाकून ठेवायच्या. टिपून फुगलेलं वजन. नंतर ७० अंश सेल्सिअसला ४८ तास ओव्हनमध्ये, आणि कोरडं वजन. ताज्यातून कोरडं वजा, त्याला फुगलेल्यातून कोरडं वजा यानं भागायचं, गुणिले शंभर. नमुन्यादाखल: ताजं ०.१८२, फुगलेलं ०.२१५, कोरडं ०.०५५ ग्रॅम असेल तर ०.१२७ भागिले ०.१६०, म्हणजे ७९ टक्के. भरपूर पाणी मिळालेल्या पानात हा आकडा साधारण ८५च्या वर असतो.

रात्रभर पाण्यात ठेवलं तर पेशी वाढतात आणि आकडा खोटा कमी येतो. रुईच्या चकत्यांचा चीक पाण्यात मिसळतो, म्हणून पहिल्या मिनिटानं पाणी बदलावं. किडीनं खाल्लेल्या कडेजवळची चकती घेऊ नये, तिथून पाणी आधीच उडालेलं असतं. माती १०५ अंशाला २४ तास वाळवावी आणि घटलेलं वजन कोरड्या मातीच्या टक्केवारीत मांडावं. काळी माती आणि मुरूम यांचा एकच टक्का झाडाला सारखा नसतो, काळी माती पाणी धरून ठेवते, त्यामुळे आकड्याशेजारी मातीचा प्रकार हवा.

उतारावरच्या तुलनेला एक मर्यादा आहे. पावसाबरोबर उंची, माती, चराई सगळंच बदलतं. म्हणून जोडीला कुंड्यांचा प्रयोग हवा, आणि त्याला तरवड चांगला. बी टणक असतं, गरम पाणी ओतून रात्रभर ठेवावं किंवा काचकागदावर घासावं. पाच लिटरच्या ४० कुंड्या, चार गट, प्रत्येकी दहा: पूर्ण पाणी, कमी पाणी, पूर्ण पाणी आणि अळी, कमी पाणी आणि अळी.

पाणी मापानं न देता वजनानं द्यायचं. कुंडी भिजवून, झाकून २४ तास निथळल्यावर समजा ६ किलो भरली आणि कोरड्या मातीसह ४.५ किलो, तर १.५ किलो पाणी मावतं. पूर्ण पाण्याची, म्हणजे त्याच्या ८० टक्क्यांची, कुंडी ५.७ किलोवर आणि कमी पाण्याची, ४० टक्क्यांची, ५.१ किलोवर रोज आणायची. रोप वाढेल तसं त्याचं वजन मिळवायला दोन-तीन जादा रोपं ठेवावीत आणि मधूनच उपटून तोलावीत.

बहुतेक प्रयोग ज्या जागी बिघडतात ती ही: अळीनं पानं खाल्ली की रोप कमी पाणी उडवतं आणि माती जास्त दिवस ओली राहते. सगळ्या कुंड्यांना सारखं मापून पाणी दिलं तर खाल्लेल्या रोपांना दुष्काळ कमी लागतो आणि कीड जणू उपकारक ठरते. प्रत्येक कुंडी स्वतंत्र तोलणं हाच त्यावर उपाय. दुसरी अडचण जाळीच्या पिशवीची. ती सावली करते, वारा अडवते, म्हणून बिनअळीच्या रोपांनाही तशीच रिकामी पिशवी बांधावी. कात्रीनं पानं कापून अळीचं काम भागवू नये. अळीच्या लाळेला झाड वेगळं उत्तर देतं.

अळ्या मध्यम आकाराच्या, रोपाला दोन, ४८ तास. ताणातल्या रोपाचं पान लहान असतं, त्यामुळे तेवढ्याच वेळात त्याचा मोठा हिस्सा जातो. वेळ सारखी ठेवायची की खाल्लेले टक्के, हे सुरुवातीलाच ठरवून लिहावं. झाडाची सोसण्याची ताकद पाहायची तर टक्के सारखे ठेवावेत, अळीला अन्न म्हणून पान कसं आहे ते पाहायचं तर वेळ सारखी ठेवून अळीचं वजन करावं.

शेवटी कोरडं वजन. समजा पूर्ण पाण्याचं रोप २० ग्रॅम, कमी पाण्याचं १४, अळीचं १६. दोन्ही ताण एकमेकांत न गुंतता आपापलं काम करत असतील तर ०.७ गुणिले ०.८, म्हणजे ११.२ ग्रॅम अपेक्षित. प्रत्यक्षात ८ आलं तर एकानं दुसऱ्याचा घाव खोल केला. १३ आलं तर एकानं दुसऱ्याचा घाव हलका केला. नुसती वजाबाकी करणाऱ्याची अपेक्षा १० ग्रॅमची असते, आणि त्याचं उत्तर काही वेळा उलटं येतं. हिशेबाची पद्धतही प्रयोगाआधीच ठरवावी.

चार गटांतली अर्धी रोपं लगेच उपटू नयेत. त्यांना पूर्ण पाणी सुरू करावं, अळ्या काढाव्यात आणि तीन आठवडे दर तीन दिवसांनी नवी पानं मोजावीत. मुळं धुऊन वेगळी तोलावीत, कारण वर सारखी दिसणारी दोन रोपं मुळांत निम्म्यानं वेगळी असू शकतात, आणि पुढच्या उघडिपीत कोण टिकेल ते मुळांवरच ठरतं. धुताना बारीक मुळं वाहून जातात. बादलीत भिजवून, एक मिलिमीटरच्या चाळणीवर, हलक्या धारेनं धुवावीत.